पंचवटीतला राग कागदावर कसा आला

‘मनात साचलंय ते लिहून काढ’ असा सल्ला हल्ली कुणीही देतो, जणू काल लागलेला शोध. भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ रस मोजा, त्यांतले चार हे: करुण, रौद्र, भयानक, बीभत्स. शोक, क्रोध, भय आणि किळस यांवर निम्मा संसार आधीपासूनच चाललाय. पण शास्त्र राहू द्या. नाशिकपुरतं बोलायचं तर काळाराम मंदिराच्या दारापासूनच सुरुवात करावी लागते.

२ मार्च १९३० रोजी इथे दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद, बाहेर सत्याग्रही बसून. त्या रामनवमीला रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी लढा पुढेही काही वर्षं नेटानं चालवला, दार काही उघडलं नाही. १९३२ मध्ये त्यात विशीतले शिरवाडकर, म्हणजे कवी कुसुमाग्रजही होते. त्यांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह आला १९४२ ला. त्याची सगळी धग या दारातूनच आली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण दार त्यांनी जवळून पाहिलं होतं एवढं नक्की.

सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी विहितगावात बाबूराव बागूल जन्मले. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी ते सुरतेला गेले. जात सांगून खोली मिळेना, म्हणून ती लपवावी लागली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला १९६३ मध्ये. बागुलांचं नाव निघालं की सगळे विद्रोह म्हणतात. मला ती शीर्षककथा वाचताना रागाआधी भीती जाणवते: आता कळेल, मग कळेल. कथा पुढे ढकलते ती भीतीच.

लाजेचं उदाहरण सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचं. लोककवी वामनदादा कर्डक, जन्म १९२२. मुंबईत चाळीत एकानं त्यांच्या हातात पत्र दिलं, जरा वाचून दाखवा म्हणाला. दादांना अक्षरओळख नव्हती. समोरचा वाट बघतोय, हातात उघडा कागद, आणि तोंडातून शब्द नाही. ती लाज इतकी झोंबली की त्यांनी बाराखडी गिरवली, रस्त्यावरच्या पाट्या लावून लावून वाचल्या. रागाला निदान रुबाब असतो, लाजेला तोही नाही.

पुढे गावोगाव गायली गेलेली त्यांची भीमगीतं नंतरची. पहिलं गाणं १९४३ चं, आणि तेही चक्क एका हिंदी सिनेगीताचं विडंबन.