पार्श्वभूमी : पुढचा भाग कुणाकडं आहे?

अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिका वाचणारी दोन माणसं भेटली की आवडीनिवडीच्या आधी हिशेब निघतो. तुझ्याकडं कितवा आहे, माझ्याकडं कितवा नाही. सोलापुरात अलीकडं अशा वाचकांच्या छोट्या बैठका जमतात, कधी कुणाच्या गच्चीवर, कधी चहाच्या निमित्तानं. जो तो आपली लाडकी मालिका घेऊन येतो, पहिला भाग दुसऱ्याच्या गळ्यात मारतो आणि शाळेत असताना अर्धवट सुटलेल्या गोष्टीची चौकशी करतो. पुस्तकं बरीचशी इंग्रजी असतात, म्हणून बघणाऱ्याला हे पुण्या-मुंबईकडून आलेलं खूळ वाटतं. पण या शहरात अद्भुत गोष्टींची मालिका एकाच घरात पुरी अशी क्वचितच असायची. ती वाचायची तर दुसऱ्या माणसाचं दार वाजवावं लागायचं. आजच्या बैठकांच्या मागं ही जुनी गरज आहे.

सुरुवात पैठणपासून करायला हरकत नाही. सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य पैजेत हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या रानात निघून गेला, अशी कथा आहे. तिथं त्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं ती परत पाठवली. भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, असलं काय वाचायचं? मग गुणाढ्यानं टेकडीवर कुंड पेटवलं आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला रानातली जनावरं. चरणं सोडून ती रडत उभी राहायची. तिकडं राजाच्या ताटात येणारं मांस वाळकं लागू लागलं. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं, शिकाऱ्यांनी रानातला प्रकार सांगितला आणि राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरला तो नरवाहनदत्ताच्या कथेचा एक लाखाचा भाग. तो मागं ठेवला होता, कारण गुणाढ्याच्या दोन शिष्यांना तो आवडायचा.

इतिहास म्हणून यातलं काही सिद्ध करता येणार नाही. पण शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातले अवशेष पाहून आलेल्या सोलापूरकराला ही गोष्ट परमुलखातली वाटत नाही. शिवाय वाचकांच्या व्यवहाराबद्दल ती फार नेमकं बोलते. दरबारानं नाकारलेली मालिका तगली ती दोन वाचकांच्या आवडीमुळं, तीही सातातला एक भाग एवढीच. मूळ बृहत्कथा आज कुठंच मिळत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तिच्या आधारानं कथासरित्सागर रचला, आणि दुर्गा भागवतांनी तो मराठीत आणला. वेताळाच्या पंचवीस कथा त्याच सागरात आहेत.

मराठीत छपाई सुरू झाली तेव्हाही अशा गोष्टींना लवकरच मान मिळाला. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१४ साली सिंहासनबत्तिशी छापली गेली. मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी ती एक. पुढं कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि त्या पुऱ्या केल्या विष्णुशास्त्र्यांनी. वडिलांची मालिका मुलानं तडीस नेली. १८६१च्या ‘मुक्तामाला’पासून मराठी कादंबरीही बरीच वर्षं अद्भुतातच रमली होती. मग १८८५ला हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ येऊ लागली आणि जाणत्यांची पसंती घरातल्या, वाड्यातल्या, खऱ्याखुऱ्या माणसांकडं वळली. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ला १९१३ नंतर वाचक भरपूर मिळाले. प्रतिष्ठा मात्र दुसरीकडं गेली होती.

मला हा अन्यायच वाटतो, पण त्याचे परिणाम फार व्यावहारिक झाले. ग्रंथालयाचा पैसा आधी मान्यवर पुस्तकांवर जायचा. अद्भुत, भयकथा, रहस्यकथा यायच्या त्या वाचकांनी तगादा लावल्यावर, आणि मिळतील तेवढ्याच. तिसरा आला, दुसरा नाही. एखादा आणला आणि फाटला. संच पुरा करायचं काम आपोआप वाचकांवर पडलं.

सोलापुरात या कामाला एक वेगळं वळण मिळालं, ते ‘चांदोबा’मुळं. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळ भाषांत हे मासिक सुरू केलं. १९४९ला ते कन्नडमध्ये आलं, १९५२ला मराठीत. हा क्रम आणि सोलापूर शेजारी ठेवून बघा. पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर समाज, पेठापेठांतून कन्नड बोलणारी घरं, शाळेत आणि कचेरीत मराठी. महापालिकेच्या शाळासुद्धा अनेक माध्यमांच्या. मद्रास-मुंबई लोहमार्गावरच्या या गावात एकच मासिक तिन्ही भाषांत वाचणारी घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून होती. मजकुराची भाषा वेगळी, चित्रं मात्र तीच. शेजारच्या घरातला अंक तेलुगू असला तरी मांत्रिकाची गुहा, पंख असलेला घोडा, कवट्यांची माळ पाहून पोराला कळायचं, की आपला चुकलेला भाग तो हाच. मग ‘काय बे, यात पुढं काय झालं सांग की’ म्हणून वाचून घ्यायचं. ज्याला वाचता येत होतं त्याचा भाव अर्थातच वाढायचा.

त्या धारावाहिक कथांचे मुख्य लेखक होते दासरी सुब्रह्मण्यम. अंकात त्यांचं नाव नसायचं. जिवाचा थरकाप उडवणारे ते मांत्रिक कुणाच्या डोक्यातून निघाले, हे वाचकांना कळायला अर्धं आयुष्य गेलं. खांद्यावर प्रेत टाकून तलवार उपसून निघालेला विक्रम मात्र शंकर या चित्रकाराचा, हे पुष्कळांना ठाऊक असायचं. के. सी. शिवशंकरन हे त्यांचं पूर्ण नाव. २०२०मध्ये ते गेले तेव्हा पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं ते चित्र एकमेकांना पाठवत होती. मूळ पंचविशीत शेवटच्या कथेला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो आणि खेळ संपतो. ‘चांदोबा’तला राजा काही गप्प बसायला तयार नव्हता. पंचवीस कथा संपल्यावर नव्या रचल्या गेल्या, वेताळ दर महिन्याला झाडावर परत जात राहिला आणि संख्या शेकड्यांत गेली. न संपणारी मालिका म्हणजे काय, हे आमच्या पिढ्यांना शिकवलं ते या हट्टी राजानं.

मासिक १९९८ला काही काळ थांबलं, पुन्हा निघालं आणि २०१३च्या सुमारास बंदच पडलं. त्यानंतर त्याचा शोध सुरू झाला. रद्दीवाल्याकडं, माळ्यावरच्या ट्रंकेत, बांधीव अंकांच्या गठ्ठ्यात, आणि आता स्कॅन करून ठेवलेल्या पानांत. शोधणाऱ्याला कथेचं नाव आठवत नसतं, लेखकाचं नाव तर कधी कळलेलंच नसतं. आठवत असतं एखादं चित्र किंवा भाग जिथं तुटला तो क्षण. त्यामुळं असा माणूस चौकशी करतो ती ‘राजपुत्र विहिरीत उतरतो आणि खाली दुसरं आकाश असतं, ती कुठली?’ अशी. याचं उत्तर कुठल्याही सूचीत सापडत नाही. ते दुसऱ्या वाचकाकडंच मिळतं. ‘किशोर’चं नशीब जरा बरं. बालभारतीनं १९७१ला सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक आता फुकट वाचायला मिळतात.

मोठ्यांचं वाचन लायब्ररीवर चालायचं. शहरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय जुनं, जाणत्यांच्या राबत्याचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ला आला आणि अनुदानामुळं लहान वाचनालयांनाही आधार मिळाला. पण मालिका वाचणाऱ्यांचा खरा आधार म्हणजे गल्लीतली खाजगी लायब्ररी. डिपॉझिट भरा, महिन्याची वर्गणी द्या, एका वेळी एक पुस्तक न्या. पुठ्ठा बांधलेली, कोपरे काळवंडलेली पुस्तकं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरे असायचे: ‘टाइमपास’, ‘रात्री वाचू नये’. आणि एखादा नग असा असायचाच, जो पहिल्याच पानावर शेवट लिहून ठेवायचा.

त्या कपाटांत नारायण धारपांची जागा वेगळी होती. १९२५ ते २००८ असं आयुष्य लाभलेल्या धारपांना लोक भयकथाकार म्हणून ओळखतात, पण त्यांचे ‘समर्थ’ हे सरळसरळ अद्भुत मालिकेचे नायक आहेत. काळ्या शक्तींशी झुंजणारा गुरू, त्याचे शिष्य, आणि पुस्तकामागून पुस्तकात वाढत जाणारं त्याचं जग. अडचण एवढीच, की पुस्तकावर क्रमांक नसायचा. वाचक हातात येईल तिथून शिरायचा आणि क्रम लावत बसायचा. आपापली यादी करायची, दुसऱ्याच्या यादीशी ताडायची, भांडायचं. धारप पडद्याआड गेल्यासारखे झाले होते. पुढं त्यांची पुस्तकं नव्यानं छापली जाऊ लागली, आणि २०१८चा ‘तुंबाड’ त्यांच्या एका कथेवरून सुचला हे कळल्यावर कॉलेजातली पोरं त्यांची पुस्तकं मागू लागली. ज्यांनी ती सत्तरीच्या दशकात चोरून वाचली होती, त्यांना हे बघून फार बरं वाटतं.

विजापूर वेशीकडच्या उर्दू वाचकांची परंपरा याहून भव्य आहे. लखनौच्या नवल किशोर प्रेसनं छापलेली अमीर हमजाची दास्तान ४६ जाडजूड खंडांची. तिलिस्म-ए-होशरुबा हा तिचाच सर्वांत गाजलेला भाग. तिलिस्म म्हणजे मायावी दुनिया आणि ऐयार म्हणजे वेष पालटणारे हेर, हे दोन्ही देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’त हिंदीत आले आणि १९९०च्या दशकात दूरदर्शनवरून घराघरांत पोचले. पण मूळ ४६ खंड एका जागी मिळणं जवळपास अशक्य झालं होतं. उर्दू समीक्षक शम्सुर्रहमान फारुकींनी अनेक वर्षं खपून ते एकेक करत जमवले. एवढा मोठा विद्वान, पण काम केलं ते लायब्ररीतल्या पोराचंच, गहाळ भाग शोधायचं.

इंग्रजी मालिकांकडं या नजरेनं पाहिलं तर त्या परक्या उरत नाहीत. टॉल्किननं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती. युद्धानंतर कागद महाग, धोका मोठा, म्हणून प्रकाशकानं तिचे तीन भाग केले. पहिले दोन १९५४ला आले आणि नायक शत्रूच्या तावडीत सापडलेला असताना वाचकांना तिसऱ्यासाठी ऑक्टोबर १९५५पर्यंत थांबावं लागलं. ‘चांदोबा’च्या वाचकाला यातलं काहीच समजावून सांगायला नको. ‘व्हील ऑफ टाइम’चा लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ला मालिका अर्धवट टाकून वारला. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं ती २०१३ला चौदाव्या खंडावर संपवली. चिपळूणकरांच्या घरातला प्रकार, फक्त नातं रक्ताचं नव्हतं. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेची सात पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमानं वाचावीत की कथेतल्या काळाच्या, यावर तिकडं अजून वाद आहे. समर्थांच्या याद्या करणाऱ्यांना त्या वादात सहज उतरता येईल.

हॅरी पॉटरनं इथल्या घरांत आणखी एक गोष्ट केली. ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून तो मराठीत आला. इंग्रजी माध्यमातलं पोर मूळ पुस्तक वाचायचं आणि आईनं मराठी भाग हाती घेतला की तिला पुढचं सांगायची घाई करायचं. अमीशच्या शिवकथांचं तसंच झालं. २०१०ला इंग्रजी, मग ‘मेलुहाचे मृत्युंजय’, आणि घरात दोन भाषांतल्या दोन प्रती. पूर्व भागात पूर्वी ज्या पद्धतीनं तेलुगू अंक मराठीत ऐकला जायचा, तीच ही पद्धत.

परत परत वाचण्याबद्दल मात्र सोलापूरकराला कुणी काही शिकवायची गरज नाही. दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कुंभारकन्येचा योगदंडाशी झालेला विवाह अक्षतांनी पुन्हा साजरा होतो, दुसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम. ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिला कादंबऱ्यांच्या पंगतीला बसवायचं कारण नाही. पण शेवट ठाऊक असलेली कथा त्याच ओढीनं, तिच्या ठरल्या दिवसांनी अनुभवायला लाखभर माणसं जमतात, हे इथल्या पोरांनी लहानपणापासून गड्ड्यावर, म्हणजे या यात्रेच्या जत्रेत, पाहिलेलं असतं.

आता घरपोच पुरा संच मिळतो, सगळे भाग एका खोक्यात. त्यामुळं बैठकीत मागितल्या जाणाऱ्या गोष्टी बदलल्या आहेत. कुणी सुचवणी मागतं: दहा भागांपैकी कुठवर वाचावं आणि कुठं थांबावं? कुणी संगत मागतं: जॉर्ज मार्टिनच्या ‘साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ला आलं, पाचवं २०११ला, सहाव्याचा पत्ता नाही, तोवर पहिली पाच माझ्याबरोबर पुन्हा वाचणार का? आणि कुणी एक अजूनही विहिरीखालच्या आकाशाची ती कथा विचारतं. तिचा माग अजून लागलेला नाही, आणि आता कन्नड अंकांचे गठ्ठे तपासायचं चाललं आहे.