हिप हॉप जन्मापासूनच असं होतं का?

‘हिप हॉपमध्ये बाई पहिल्यापासून शोभेपुरतीच, आणि तिची त्याला हरकतही नाही’ हे बोलणं वर्षानुवर्षं फिरतंय. दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत.

ऑगस्ट 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ज्या पार्टीपासून या संगीताची सुरुवात मानतात, ती भरवली होती सिंडी कॅम्पबेलनं. रेकॉर्ड वाजवत होता तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. रॅपर क्वीन लतीफा हिचा 1989 चा ‘लेडीज फर्स्ट’ व्हिडिओ तर जरूर बघा. लष्करी थाटाच्या पोशाखात ती आफ्रिकेच्या दक्षिण भागाच्या नकाशाशी उभी असते. त्यावरच्या गोऱ्या सोंगट्या हटवून तिथे आवळलेल्या काळ्या मुठी मांडते. मध्ये वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनाची दृश्यं. काय रुबाब आहे तिचा!

बिकिनीतल्या मुली, महागड्या गाड्या, नोटा उधळणारा पुरुष हा साचा पक्का झाला तो नंतर, संगीत कंपन्यांचा पैसा वाढल्यावर. त्यात पुरुषालाही एकच सोंग मिळालं: दांडगा, श्रीमंत, कधीच न हळवा होणारा.

आणि हरकत? रॅपर नेलीच्या एका व्हिडिओत मुलीच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड फिरवलं होतं. 2004 मध्ये अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीसाठी तो अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात येणार होता. तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी म्हणाल्या, या, पण त्या व्हिडिओवर आमच्याशी बोला. कार्यक्रमच रद्द झाला. पुढच्याच वर्षी ‘एसेन्स’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मासिकानं अशा चित्रणाविरुद्ध मोहीम उघडली.