बुद्धपौर्णिमेचे मचाण आले कुठून

वैशाख लागला की ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाटच्या पाणवठ्यांवर बुद्धपौर्णिमेची रात्र काढता यावी म्हणून मचाणांसाठी झुंबड उडते आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ‘प्राणिगणनेत इतके वाघ दिसले’ अशी बातमी छापून येते. ती गणना नसते, निदान आता तरी नाही. वनविभाग तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतो आणि हे नाव विचार करूनच ठेवलेले आहे.

मचाण मुळात शिकाऱ्याचे. इंग्रजी अमलात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या जंगलात परवाना काढून शिकार चाले. रेडकू बांधायचे, वाघाने ते मारले की त्या गाऱ्याजवळच्या, म्हणजे मारलेल्या जनावराजवळच्या झाडावर रात्र काढायची. दिवसाची शिकार हाक्याची, म्हणजे माणसांनी ओरडून जनावर शिकाऱ्याकडे हाकायचे. दोन्हीकडे माग काढणारे गोंड नाहीतर कोरकू असत. शिकारीचे फोटो पुष्कळ आहेत, पण या माणसांची नावे त्याखाली फारशी सापडत नाहीत.

ताडोबा परिसरात शिकारबंदी आली १९३५ मध्ये आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी यायला मात्र १९७० उजाडले. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. बंदूक गेली आणि मचाण मोजणीच्या कामाला लागले.

मोजणीचे गणित सोपे होते. कडक उन्हाळ्यात नाले आटतात, बोड्यांचा म्हणजे लहान तळ्यांचा तळ दिसतो, तेव्हा जनावर दिवसातून एकदा तरी पाण्यावर येणार. सगळ्या पाणवठ्यांवर एकाच वेळी माणसे बसवली की बेरीज मिळते. पौर्णिमा निवडली ती फक्त उजेडासाठी. तक्त्यात वेळ, जात, संख्या, नर-मादी-पिल्लू आणि आले कुठून, गेले कुठे एवढे लिहायचे. घोळ इथेच व्हायचा. चितळांचा एकच कळप संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर मोजला जाई. मोठी शिकार खाऊन पडलेला वाघ मचाण नसलेल्या एखाद्या डोहातच पाणी पिऊन घेई. आदल्या दिवशी वळीव पडला तर खड्ड्याखड्ड्यांत पाणी, मग पाणवठ्यावर येतो कोण?

वाघांसाठी वेगळी पद्धत होती ती पंजाच्या ठशांची. काच ठेवून ठसा उतरवायचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा. १९७२ च्या देशव्यापी मोजणीचा १,८२७ हा आकडा ठशांवरूनच निघाला. पण एकाच वाघाचा पंजा ओल्या चिखलात पसरतो, कोरड्या धुळीत आखडतो आणि एकाचे दोन वाघ होतात. राजस्थानातल्या सरिस्कात वाघ उरलेलेच नाहीत हे २००५ मध्ये उघड झाले आणि या पद्धतीचा भरवसा संपला. २००६ पासून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आकडे आता यातून येतात. मचाणावरच्या पाहुण्याला कागद-पेन्सिल अजून मिळते ती नोंदीची सवय म्हणून.

काम बदलले तरी जागा निवडण्याची अक्कल शिकाऱ्यांचीच राहिली. मेमध्ये इकडे विदर्भात दिवसाचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा असतो. म्हणून मचाण पाण्याच्या पूर्वेला बरे, आपला वास जनावरापर्यंत जात नाही. रात्री वारा पडला की गार हवा नाल्याच्या उताराने खाली सरकते, म्हणून खालच्या अंगाची जागा चांगली. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर येत नाही, तो दक्षिणेच्या अंगाने बराच खालून जातो. पाण्याच्या दक्षिणेला दाट झाडी असली तर मध्यरात्रीही पाणवठा सावलीत राहतो, आणि मग रानडुक्कर की अस्वल हे नुसत्या आवाजावरून ओळखावे लागते.

बसणाऱ्याने माणशी चार लिटर पाणी घ्यावे. पारा ४५ च्या आसपास असतो आणि फळ्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात. कपडे मातकट, अत्तर नको, कुरकुरणारी पाकिटे घरीच सोडावीत. डबा उजेड असतानाच संपवावा, कारण वास रात्री लांब जातो आणि अस्वलाला झाडावर चढता येते. टॉर्च मारली की जनावर बुजून निघून जाते आणि तासन्‌तास फिरकत नाही. काहीही झाले तरी रात्री खाली उतरायचे नाही, लघवीसाठी रिकामी बाटली वर नेलेली असावी. बहुतेक मचाणांवर वाघ दिसत नाही. दिसतात चितळ, सांबर, रानडुकरे, नशीब असेल तर रानकुत्र्यांची टोळी, आणि पहाटे पाच वाजता पाण्यावर उतरणारे मोर.