द टर्न ऑफ द स्क्रू (कादंबरिका व चित्रपट)

हेन्री जेम्स (१८४३–१९१६) या अमेरिकेत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लेखकाची भूतकथा. ‘कोलिअर्स वीकली’ या साप्ताहिकात २७ जानेवारी ते १६ एप्रिल १८९८ या काळात ती बारा हप्त्यांत छापली गेली आणि त्याच वर्षी ‘द टू मॅजिक्स’ या पुस्तकात आली. एक प्रास्ताविक आणि २४ प्रकरणे एवढाच पसारा असल्याने तिला कादंबरिका म्हणणे बरे. जॅक क्लेटन यांनी १९६१ मध्ये तिच्यावर ‘द इनोसंट्स’ हा कृष्णधवल चित्रपट केला. ही नोंद ग्रामीण विदर्भातला वाचक समोर ठेवून लिहिली आहे. ‘बाहेरचं लागणं’ आणि ते उतरवणं या गोष्टी त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. त्यामुळे या कथेचा शेवट त्याला ग्रंथालयातल्या समीक्षेपेक्षा वेगळा दिसतो.

नावातला ‘स्क्रू’ म्हणजे मळसूत्र. प्रास्ताविकात नाताळच्या आदल्या रात्री काही मंडळी जुन्या घरात शेकत बसलेली आहेत आणि भुताच्या गोष्टी चालू आहेत. भूत एका लहान मुलाला दिसल्याची गोष्ट कोणीतरी सांगतं. त्यावर डग्लस नावाचा गृहस्थ विचारतो, एका मुलामुळे गोष्टीला एक पीळ जास्त बसत असेल, तर मग मुलं दोन असली तर? त्या दुसऱ्या पिळाची ही गोष्ट.

जेम्स यांना बीज मिळालं तेही ऐकीवच. जानेवारी १८९५ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी त्यांना एक अर्धवट आठवणारी हकीकत सांगितली. जुन्या घरात पोरकी मुलं, त्यांना बिघडवणारे नोकर, ते नोकर मरतात आणि मग मुलांना बोलवायला परत येतात. जेम्स यांनी ती वहीत टिपून ठेवली आणि तीन वर्षांनी वापरली.

कथानक

लंडनमधल्या हार्ले स्ट्रीटवर राहणाऱ्या एका श्रीमंत गृहस्थाकडे पोरका पुतण्या आणि पुतणी यांची जबाबदारी येते. तो एसेक्समधल्या ब्लाय या वाड्यावर गव्हर्नेस, म्हणजे मुलांना घरीच राहून सांभाळणारी आणि शिकवणारी बाई, नेमतो. ती गरीब पाद्र्याची धाकटी मुलगी, वय वीस. तिचं नाव कादंबरिकेत कुठेच येत नाही. मालकाची अट एकच: काहीही झालं तरी मला कळवायचं नाही. पूर्व विदर्भातल्या वाचकाला हे घर ओळखीचं वाटेल. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ मध्ये संपली, कित्येक मालक नागपूरला राहू लागले आणि वाडे दिवाणजीच्या, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या हवाली राहिले. ब्लायलाही मागे तलाव आहे, आणि कारभार मिसेस ग्रोस या लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात.

फ्लोरा आठ वर्षांची, माइल्स दहाचा. माइल्सला शाळेतून काढून टाकलं आहे. का, ते शाळेच्या पत्रात नाही. गव्हर्नेसला आधी बुरुजावर आणि मग जेवणघराच्या खिडकीत एक अनोळखी पुरुष दिसतो. तिने केलेल्या वर्णनावरून मिसेस ग्रोस त्याला ओळखते: मालकाचा खास नोकर पीटर क्विंट, आता मेलेला. पुढे तलावापलीकडे काळ्या कपड्यातली बाई दिसते. ती आधीची गव्हर्नेस, मिस जेसेल, तीही मेलेली. मुलांनाही हे दोघे दिसतात पण ती लपवतात, अशी गव्हर्नेसची खात्री होत जाते. तलावाकाठी ती फ्लोराला सरळ विचारते. फ्लोरा थयथयाट करून नाकारते, आणि शेजारी उभ्या मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाही. त्यानंतर तापात फ्लोरा जे बोलते ते ऐकून मात्र मिसेस ग्रोस हादरते आणि मुलीला घेऊन लंडनला निघून जाते. घरात उरतात गव्हर्नेस आणि माइल्स.

ऐकीव साक्ष

कादंबरिका तीन तोंडांतून येते. गव्हर्नेसने लिहून ठेवलं, मरण्याआधी ते डग्लसला पाठवलं, डग्लसने वाचून दाखवलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने नक्कल करून आपल्यापुढे ठेवलं. हिवाळ्यात हरभऱ्याच्या, तुरीच्या शेतावर रानडुकरं आणि रोही हाकलायला जे जागलीला जातात, त्यांच्या शेकोटीजवळच्या गोष्टीही अशाच चालतात. चकवा स्वतःला लागला असं सांगणारा क्वचित भेटतो. लागलेला असतो तो मामाच्या गावच्या कोणाला तरी, रात्रभर एकाच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फिरत राहिलेला. सांगणारा बहुधा पुढे जोडतो, माणूस खोटं बोलणारा नव्हता. डग्लसही नेमकं तेच करतो: ती बाई फार चांगली होती, तिच्या पेशात तशी दुसरी पाहिली नाही. साक्षीदाराच्या चारित्र्याची हमी मिळते आणि साक्ष तपासायची राहूनच जाते.

१९३४ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी ही हमी नाकारली. भुतं फक्त गव्हर्नेसलाच दिसतात, ती मालकावर भाळलेली आहे आणि दाबलेल्या वासनेतून हे सगळं उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून भुतं खरी मानणारे आणि न मानणारे असे दोन पक्ष पडले. विल्सन यांच्या वाटेत सगळ्यात मोठा धोंडा म्हणजे क्विंटचं वर्णन. जो माणूस कधी पाहिला नाही, ज्याचं चित्रही पाहिलं नाही, त्याचे लाल कुरळे केस आणि मालकाचे घातलेले कपडे ती इतके नेमके कसे सांगते?

चित्रपट

पटकथेचा पाया विल्यम आर्चिबाल्ड यांचं १९५० चं नाटक. चित्रपटाचं नावही त्याच नाटकाचं. ती पटकथा ट्रुमन कपोटी यांनी नव्याने लिहिली, काही संवाद जॉन मॉर्टिमर यांचे. गव्हर्नेस डेबोरा कर यांनी साकारली. इथे तिला मिस गिडन्स हे नाव मिळालं आणि वयही वाढलं. कर तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. विशीतल्या मुलीचं भाळणं आणि चाळिशीतल्या एकट्या बाईचं भाळणं प्रेक्षक एकाच नजरेने बघत नाही. त्यामुळे चित्रपट पहिल्या दृश्यापासूनच विल्सन यांच्या बाजूला थोडा कलतो.

डग्लस आणि शेकणारी मंडळी इथे नाहीत. त्यांच्या जागी काळा पडदा आहे आणि लहान मुलीच्या आवाजातलं गाणं. मग प्रार्थनेत जोडलेले हात दिसतात आणि मुलांना मला वाचवायचं होतं, असं पुटपुटणं ऐकू येतं. हमी देणारा गेला. बाई स्वतःच स्वतःची वकील आहे.

सगळ्यात दूरगामी बदल मात्र पटकन डोळ्यांत भरत नाही. लपाछपी खेळताना मिस गिडन्सला माळ्यावर क्विंटचं छोटं चित्र सापडतं, आणि त्याचा चेहरा खिडकीत दिसतो तो त्यानंतर. वर सांगितलेला धोंडा क्लेटन यांनी एका दृश्यात बाजूला केला. चेहरा कुठून आला याचं उत्तर आता देता येतं. पण क्लेटन तिथेच थांबत नाहीत. वर्गात रडणारी मिस जेसेल नाहीशी होते तेव्हा मेजावर अश्रूचा एक थेंब उरतो आणि मिस गिडन्स त्याला बोट लावते. हा ओला पुरावा कादंबरिकेत नाही. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणारी ही चाल या नोंदलेखकाच्या मते चित्रपटातली सर्वांत सुंदर आहे.

छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांना स्टुडिओच्या आग्रहामुळे सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत काम करावं लागलं. भयकथेला ही रुंदी सोयीची नसते, कारण बघणाऱ्याला कडेलाही सगळं दिसतं. त्यांनी फिल्टरच्या कडा रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू अंधारात ढकलल्या. कंदील घेऊन वाड्यातून चालणाऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच मग दिसतं. मिस जेसेल मात्र भर दुपारी येते, तलावातल्या लव्हाळ्यात पाण्यात उभी. तीही दूर, न हलता. बोडीच्या, म्हणजे गावातल्या छोट्या तळ्याच्या, काठी राहिलेल्याला हे दृश्य रात्रीच्या कुठल्याही दृश्यापेक्षा जास्त लागतं, कारण तिथल्या आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवतांच्या, गोष्टीही भर दुपारच्याच असतात.

शेवटचा प्रसंग

कादंबरिकेत हा प्रसंग जेवणघरात, खिडकीजवळ घडतो. गव्हर्नेस माइल्सला घट्ट धरून विचारत राहते: शाळेत काय केलंस, मी मालकाला लिहिलेलं पत्र चोरलंस का, कोण आहे तिथे? मुलगा आधी मिस जेसेलचा अंदाज करतो, मग ओरडतो: ‘‘पीटर क्विंट, सैताना!’’ सैतान कोणाला, क्विंटला की तिला, हे त्या वाक्यावरून ठरवता येत नाही. तो तिच्या मिठीत कोसळतो आणि त्याचं ताबा सुटलेलं छोटं हृदय थांबतं. शेवटच्या वाक्यात जेम्स यांनी मुद्दाम तो शब्द घातला आहे: झपाटलेपणातून सुटलेलं.

इंग्रजी समीक्षेने यात कबुलीजबाब पाहिला आहे, मानसोपचारही पाहिला आहे. विदर्भातल्या खेड्यात ज्याने एकदाही भगताकडचं ‘उतरवणं’ पाहिलं असेल, त्याला हा प्रसंग लगेच ओळखू येईल. तिथेही झपाटलेल्याला धरून ठेवतात आणि भगत एकच घोशा लावतो: बोल, कोण हायेस तू, नाव सांग. नाव बाहेर आलं की भूत सुटलं. धरणारे बहुतेक वेळा घरचेच असतात, जीव लावणारे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कृत्य आहे ते भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं आणि मारहाण करणं. ब्लायमध्ये दोर नाही, काठी नाही. मिठी आणि प्रश्न आहेत.

या वाचनात भुतं खरी की खोटी हा वाद मागे पडतो. या नोंदलेखकाने हा चित्रपट गावी लॅपटॉपवर घरच्यांना दाखवला, संवाद मध्येमध्ये सांगत. संपल्यावर आजीने एवढंच विचारलं, ‘‘भूत होतं का नोतं थे जाऊ दे. पोट्ट्याले मारलं कोनं?’’

चित्रपट या प्रश्नाला दुसरीकडे नेतो. शेवट इथे रात्रीच्या बागेत, पुतळ्यांच्या गोल रांगेत होतो. नाव घेऊन मुलगा पडतो. तो सुटला असं मिस गिडन्सला आधी वाटतं, मग कळतं, आणि ती मेलेल्या मुलाच्या ओठांवर ओठ ठेवते. त्याआधी एका रात्री माइल्सने तिचं घेतलेलं चुंबनही मुलाचं वाटत नाही. म्हणजे जेम्स यांनी जिथे उपचाराचा हात ठेवला, तिथे क्लेटन आणि कपोटी यांनी वासनेचा ठेवला. १९६१ च्या पडद्यावर हे धाडसाचंच होतं. पण आजीचा प्रश्न कादंबरिकेच्या मिठीला जास्त नेमका लागतो.

इतर रूपे

बेंजामिन ब्रिटन यांनी १९५४ मध्ये या कथेवर ऑपेरा रचला. तिथे भुतं गातात, त्यामुळे संशयाला जागा कमीच. १९७१ च्या ‘द नाइटकमर्स’मध्ये क्विंट जिवंत असतानाची गोष्ट आहे आणि क्विंट झाला आहे मार्लन ब्रँडो. जेम्स यांनी जे झाकून ठेवलं ते उघडून दाखवण्याचा तो उद्योग.

चित्रपटाने प्रास्ताविक गाळल्यामुळे एक गोष्ट त्यात कुठेच येत नाही. डग्लस या बाईला ओळखतो, कारण कॉलेजातून सुटीला घरी आला तेव्हा ती त्याच्या बहिणीची गव्हर्नेस होती. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा तिशीच्या आसपास. ब्लायला जाऊन साधारण दहा वर्षं झालेली, आणि तिच्या हवाली पुन्हा एक मूल होतं.