टेम्पो, कमांडर, काळी-पिवळी: फाट्यावरच्या गाडीची कुळकथा

फाट्यावर माणसं भरायला उभ्या असलेल्या खासगी गाडीला मराठवाड्यात कधी एक नाव मिळालं नाही. सातारा-कोल्हापूरकडं 'वडाप' म्हटलं की काम भागतं. आपल्याकडं माणूस गाडीच्या जातीवरून हाक मारतो. 'कमांडर भरली का?', 'क्रूझर येईल बघा मागून', 'टमटमनं जावा की'. परवान्याची असेल तर काळी-पिवळी आणि काहीच ठरवता येत नसेल तर नुसतंच 'जीप', मग ती जीप असो वा नसो. ही नावं ज्या क्रमानं आपल्या तोंडी आली तो क्रम लावला, तरी या गाडीची निम्मी पार्श्वभूमी हाती लागते.

पहिलं नाव टेम्पो. आज मोंढ्यातल्या हमालाला हा शब्द मराठी नाही असं सांगितलं तर तो हसेल. पण तो आला थेट जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून. तिथल्या 'विडाल अँड झोन' या कारखान्याच्या गाड्यांचं ते छापाचं नाव. उद्योजक फिरोदियांनी 1958 साली 'बजाज टेम्पो' कंपनी काढली, मुंबईत गोरेगावला 'हॅन्सिट' ही तीनचाकी बनवायला घेतली आणि 1964 मध्ये कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला नेला. गाडी होती माल वाहायची. पण माल घेऊन गेलेला टेम्पो संध्याकाळी रिकामा परततो आणि त्याच वेळी बाजार करून दमलेली माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन रस्त्याच्या कडेनं चालत असतात. पुढचं कुणी शिकवावं लागलं नाही. आमचे आजोबा सांगायचे की टेम्पोवाल्याला पैसे दिले तर तो घ्यायचा, नाही दिले तर मागायचा नाही. बहुतेक हे त्यांच्यापुरतंच खरं असावं.

1969 मध्ये मॅटाडोर आली. चपट्या तोंडाची, चारचाकी. तिची एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. इंजिनाची ताकद तिच्या पुढच्या चाकांना जायची, त्यामुळं मागं जाणारा लोखंडी दांडा नव्हता आणि हौदा जमिनीलगत ठेवता आला. ट्रकमध्ये चढायला दोघांचा हात लागायचा. मॅटाडोरमध्ये नऊवारीतली म्हातारीसुद्धा एका टांगेत आत जायची. शेळीही. लग्नाचं वऱ्हाड बैलगाडीतून उतरून मॅटाडोरमध्ये बसलं त्यामागं हौसेइतकीच ही उंचीही आहे. ऐंशीच्या दशकात तिला मर्सिडीजच्या बनावटीचं डिझेल इंजिन मिळालं. मर्सिडीज म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या कित्येक गावांनी मर्सिडीजच्या इंजिनावर वराती काढल्या आहेत.

पण माणसं मालाच्या गाडीत का बसत होती? त्यासाठी एसटीकडं वळावं लागतं.

निजामाच्या रेल्वे खात्यानं 1932 साली 27 गाड्या आणि 166 कर्मचाऱ्यांवर सरकारी मोटार सुरू केली. सरकारनं बस चालवायची हा प्रकार मराठवाड्याला त्यामुळं फार लवकर माहीत झाला. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हा नगरच्या पलीकडं अजून निजामाचा अंमल होता. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि इथली सरकारी मोटारसेवा 1961 साली राज्याच्या एसटी महामंडळात मिसळली. तालुक्याहून तालुक्याला जायचं तर एसटी होतीच. प्रश्न होता तो तालुक्याहून गावाचा. गावाला एक मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर पारावर किंवा देवळात झोपायचे, पहाटे गाडी निघून जायची. त्यानंतर दिवसभर गावाला चाकं नाहीत. दुपारी लेकरू तापानं फणफणलं तर चालत फाटा गाठायचा आणि हात करत उभं राहायचं.

रस्तेही तसेच. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी सुकडी खाऊन, खडी फोडून मैलोगणती रस्ते केले. पुढं रोजगार हमीनं त्यात भर घातली. मातीचे, मुरमाचे, नाल्यावर पूल नसलेले रस्ते. आषाढात काळी माती चाकाला धरली की एसटीची फेरी रद्द व्हायची आणि दिवाळीपर्यंत रद्दच राहायची. रस्ता झाला आणि गाडी आली नाही, अशा अवस्थेत कितीतरी गावं वर्षानुवर्षं होती.

याच सुमाराला माणसांना गावाबाहेर पडायची कारणं वाढत गेली. जालना जिल्हा 1981 मध्ये झाला, लातूर 1982 मध्ये, हिंगोली 1999 मध्ये. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, कोर्ट आणि त्यांच्याभोवती कॉलेजं, दवाखाने, झेरॉक्सची दुकानं. सातबाऱ्यावरच्या एका चुकीसाठी माणूस चार चकरा मारू लागला. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात केज, धारूर, परळी, रेणापूरकडून रोज माणसं येत आणि प्रत्येक रुग्णामागं डबा घेऊन येणारी दोन माणसं असत. एवढी ये-जा मुक्कामी गाडीच्या वेळापत्रकात मावणारी नव्हती.

ती पोकळी भरली जिपेनं. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जिपांची जुळणी सुरू केली, तेव्हा ही गाडी लष्कराची आणि साहेबाची होती. गावात जीप आली म्हणजे तहसीलदार, फौजदार नाहीतर पुढारी. साहेबांच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या, गॅरेजवाल्यांनी त्यांना डिझेल इंजिनं बसवली आणि मागं बाकडी ठोकली. नंतर कंपनीनंच लांब अंगाची, प्यूजोच्या बनावटीचं डिझेल इंजिन असलेली कमांडर बाजारात आणली. वर ताडपत्री, मागं समोरासमोर दोन बाकडी, खाली पाट्यांवर बसवलेली दणकट चासी. चिखलातून निघते, मोडली तर फाट्यावरचा मिस्त्रीही दुरुस्त करतो आणि ओझ्याबद्दल तक्रार करत नाही.

ओझं म्हणजे किती, ते मी मोजलेलं आहे. बारावीला असताना रोज सकाळी कमांडरनं जायचो, आणि करमत नसलं की माणसं मोजायचो. पुढं ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघं. उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हर आणि दार यांच्यामध्ये, एक. ही जागा बहुधा विद्यार्थ्याची, कारण त्याचं अंग बारीक. ड्रायव्हर स्वतः अर्धा गाडीत, अर्धा हवेत. स्टिअरिंग तो तिरका बसून धरायचा आणि गिअर टाकायच्या आधी 'गुडघा घ्या काका' म्हणायचा. मधल्या सीटवर चौघं, पण मांडीवरची लेकरं मोजायची नाहीत. मागच्या हौद्यात चार आणि चार आठ, त्यांच्या पायांत गाठोड्यावर बसलेली एक आजी. फुटरेस्टवर तिघं आणि त्यांच्याही मागं, कुठं पाय ठेवलाय हे कळू न देता लोंबकळणारा किन्नर. ड्रायव्हर-किन्नर धरून बावीस. यातला किन्नर म्हणजे क्लीनर. दुसरा अर्थ डोक्यात आणू नये. गाडीवर त्याचं राज्य असायचं. माणसाला तो माणूस म्हणत नसे, 'शीट' म्हणे. 'दोन शिटं झाली की हालतो', 'ते शीट जरा तिकडं सरकवा'. पैसे तो चालत्या गाडीत बाहेरून, ताडपत्रीच्या फटीतून हात घालून गोळा करायचा आणि सुट्ट्याचा हिशोब कधी चुकायचा नाही. चुकलाच तर आपल्या बाजूनं नाही.

कायद्यानं मात्र या गाडीला कधी नीट बसायला जागा दिली नाही. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. वाटेत थांबत, चढेल त्याला घेत, उतरेल तिथं सोडत जायचं ही त्या कायद्यात टप्पा वाहतूक, आणि राज्यात ती एसटीसाठी राखलेली. काळी-पिवळीचा परवाना कंत्राटी वाहतुकीत मोडतो. ड्रायव्हर सोडून सहाहून अधिक आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी ती 'मॅक्सीकॅब'. म्हणजे कागदावर ती इथून तिथं ठरवून जाणारी टॅक्सी होती आणि रस्त्यावर प्रत्येक वस्तीला थांबणारी बस. एसटी स्टँडपासून 200 मीटरच्या आत खासगी गाडीनं प्रवासी घ्यायचे नाहीत असा नियम आहे. त्या नियमानंच मराठवाड्यातल्या निम्म्या अड्ड्यांच्या जागा ठरवल्या. स्टँडच्या गेटातून निघून पानटपरी, रसवंती, मोबाइलचं दुकान ओलांडलं की काळी-पिवळ्यांची रांग सुरू होते; ते अंतर कुणी टेपनं मोजलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. परवाना, नियम आणि रस्ता यांतल्या फटीत हप्ता नावाची वनस्पती वाढते. तिच्याबद्दल अड्ड्यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही आणि मीही इथं बोलणार नाही.

'अवैध वाहतूक' हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका वापरलाय की तो आता नुसता शिक्का झाला आहे. मला तो अर्धा पटतो. परवाना मोडला म्हणून काळी-पिवळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तिनं सरकारचंच काम केलं. पण बारा जणांच्या गाडीत बावीस बसवणं यात काही पराक्रम नव्हता. ती जोखीम प्रवाशाच्या माथ्यावर होती आणि त्याला ती कुणी सांगितलेली नव्हती. 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं एका बस अपघाताच्या खटल्यात ठरवलं की विमा कंपनीची जबाबदारी परवान्यातल्या प्रवासीसंख्येपुरतीच. जादा माणसं असतील तर तेवढ्या संख्येची, त्यातल्या त्यात मोठ्या रकमांची भरपाई कंपनीनं भरायची आणि ती सगळ्यांत वाटायची. फुटरेस्टवरच्या शिटाचा वाटा म्हणजे आत बसलेल्याच्या वाट्यातला तुकडा.

कमांडरच्या जोडीला ट्रॅक्स होती. बजाज टेम्पोचीच, ऐंशीचं दशक संपता संपता आलेली. तिचं पुढचं रूप क्रूझर. ताडपत्री गेली, पत्र्याचं छत आलं, दाराला काच आली, पावसात मांडीवर पाणी पडेनासं झालं. त्याच कंपनीची 1987 ची ट्रॅव्हलर खरी मिनीबस, पण ती आपल्या फाट्यावर फारशी रमली नाही. ती तिरुपती, शिर्डी, अष्टविनायकाच्या सहलींना गेली. 1994 ची टाटा सुमो, जिचं नाव टाटांच्या मोटार कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं जोडून झालं, बरीचशी पुढाऱ्यांच्या आणि भाड्यानं लग्नाला जाणाऱ्यांच्या वाट्याला आली. 2005 मध्ये बजाज टेम्पोचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. आपल्या बोलण्यातला टेम्पो काही बदलला नाही.

गाडी मोठी असली की धंदा चांगला, असं बाहेरच्याला वाटतं. अड्ड्यावरचं गणित उलटं आहे. एसटी वेळ झाली की निघते, काळी-पिवळी भरली की निघते. त्यामुळं प्रवाशाला खरा भुर्दंड भाड्याचा नसतो, वाट बघण्याचा असतो. चौदा शिटं जमेपर्यंत पहिला माणूस पाऊण तास उन्हात बसतो आणि तेवढ्यात दुसरी छोटी गाडी भरून निघून जाते. तीनचाकी याच फटीतून शिरली. बजाजचा कारखाना संभाजीनगरजवळ वाळूजला 1985 पासून, रिक्षा आपल्या ओळखीची. नव्वदचं दशक सरताना बारामतीहून पियाजिओची डिझेलवरची ॲपे आली आणि 'टमटम' म्हणून तालुक्याच्या गावांत पसरली. इटालियन भाषेत ॲपे म्हणजे मधमाशी. आवाज ऐकला तर भुंगा म्हणावं. मग 'छोटा हत्ती', म्हणजे टाटा एसच्या अंगावर बेतलेली मॅजिक 2007 मध्ये निघाली. सात-आठ माणसांत भरते, चार चाकं आहेत म्हणून उलटायची भीती कमी आणि हप्ता नव्या पोराला झेपेल असा. हा हप्ता बँकेचा. दहा-बारा किलोमीटरच्या मार्गावर तिनं कमांडरला घरी बसवलं. लांबच्या मार्गांवर, बीड-मांजरसुंबा-केज-अंबाजोगाई अशा ठिकाणी, क्रूझर टिकली.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. नोव्हेंबरात सरकारनं अधिसूचना काढून संपापुरती खासगी बस, शाळेच्या बस, अगदी मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. मालाच्या गाडीत माणसं, स्टँडच्या दारातून, कायद्यानं! अड्ड्यावरचे जुने ड्रायव्हर हे एकमेकांना वाचून दाखवत होते.

तो आनंद फार पुरला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट. आजवर कुठल्या कारवाईनं झालं नाही ते या दोन निर्णयांनी केलं. काळी-पिवळीची खरी गिऱ्हाईकं कोण होती? बाजाराला जाणाऱ्या बाया, माहेराला निघालेल्या लेकी, दवाखान्याला चाललेले म्हातारे. ती सगळी उठून स्टँडवर गेली. तरण्या पोरांकडं आधीच मोटारसायकली होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये तर बीडला नगरहून रेल्वेही आली, जिची वाट तीन पिढ्यांनी बघितली होती. पण रेल्वे काही केजच्या फाट्यावर थांबत नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेआठला अशाच एका फाट्यावर होतो. शेवटची एसटी गेलेली. एकच क्रूझर उभी, आत आम्ही सहा जण, ड्रायव्हर बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. एक मावशी पिशव्या सांभाळत लगबगीनं आल्या.

"गेली का हो यष्टी?"

"गेली की मघाशीच. बसा. पण मावशी, इथं अर्धं तिकीट नसतंय."

"ठावं हाय रं. सरक तिकडं."

मावशी बसल्या, पिशवीतलं कोंबडं पायाशी ठेवलं. ड्रायव्हरनं आत डोकं घालून मोजलं. "अजून दोन शिटं," तो म्हणाला, आणि परत बॉनेटला टेकला.