मुख्याध्यापकांचा धाक फळ्यापर्यंत पोचतो

'मुख्याध्यापक कडक असले की शाळा सुतासारखी सरळ चालते' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मला १९८२ सालचा एक प्रयोग आठवतो.

एडवर्ड डेसी, रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना 'शिक्षक' केलं. काम साधं होतं, समोरच्याला कोडी सोडवायला शिकवायचं. काहींना सांगितलं, की तुमचा विद्यार्थी ठरावीक दर्जा गाठेल ही जबाबदारी तुमची. बाकीच्यांना सांगितलं, की त्याला शिकायला फक्त मदत करा. मग दोन्ही गटांचं बोलणं तपासलं. जबाबदारीची तंबी मिळालेले खूप जास्त बोलत होते, हुकूम सोडत होते आणि विद्यार्थ्याला स्वतः डोकं चालवायला फारसा वाव देत नव्हते. त्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं, की पगार कापला नव्हता. एका वाक्याने काम केलं!

असं का व्हावं? डेसी-रायन यांच्या मते आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: स्वायत्तता, 'मला जमतंय' ही जाणीव आणि आपलेपणा. स्वायत्तता म्हणजे मोकाट सुटणं नव्हे. मुख्याध्यापक शिक्षकाला सांगतात, 'शेवटचा तास तुम्हाला दिलाय', हे एक वाक्य. 'शेवटच्या तासाला मुलं पेंगतात हे कळतं, पण प्रयोगशाळा तेव्हाच रिकामी असते, काय करूया?' हे दुसरं. तास तोच, पण दुसऱ्या वाक्यात कारण आहे, अडचणीची कबुली आहे, निवडीला जागा आहे. त्यामुळे कृतीच्या कारणाचं ठाणं बाहेरून आत सरकतं, म्हणजे 'सांगितलं म्हणून' ऐवजी 'मला पटलं म्हणून' काम होतं. बाहेरचा नियम माणूस हळूहळू स्वतःचा मानू लागतो. मानसशास्त्रात याला आत्मसातीकरण म्हणतात. ते अर्धवट राहिलं, तर माणूस काम करतो खरा, पण अपराधी वाटू नये म्हणून.

प्रयोगातले शिक्षक लुटुपुटूचे होते, हा आक्षेप रास्त. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात खरेच शिक्षक होते. वरून दडपण जाणवणाऱ्यांची स्वतःची प्रेरणा कमी आढळली, आणि ते मुलांनाही कमी मोकळीक देत होते. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

आपलेपणाचं म्हणाल, तर बॉमाइस्टर आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेल्या दोन अटी आहेत: वारंवार होणाऱ्या सुखद गाठीभेटी आणि टिकणारी आस्था. प्रेरणादायी वक्त्याचं दोन तासांचं 'डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) वाढवणारं' व्याख्यान यातली एकही अट पुरी करत नाही. वर्गनिरीक्षणानंतर शेऱ्याची वही पुढे सरकवण्याआधी 'तुम्हाला स्वतःला तास कसा वाटला?' असं रोजच्या ओळखीतून विचारणारे मुख्याध्यापक मात्र दोन्हींच्या जवळ जातात.