टेके मूर्तीच्या पोटात काय असतं?

संग्रहालयात मध्य आफ्रिकेतल्या टेके लोकांच्या लाकडी मूर्तीसमोर उभं राहिलं की नजर आधी चेहऱ्यावर जाते: गालांवर उभ्या समांतर रेघा, हनुवटीला पाचरीसारखी दाढी, डोक्यावर तुऱ्यासारखी केशरचना. करणाऱ्यांच्या लेखी मात्र मोल पोटाचं.

टेके लोकांची वस्ती काँगो नदीच्या मालेबो पूल या रुंद पात्राभोवतीच्या पठारांवर, म्हणजे आजच्या दोन्ही काँगो देशांत आणि गॅबॉनमध्ये. त्यांची मूर्ती बहुधा वीतभर ते हातभर उंच, एकाच ओंडक्यातून कोरलेली. हात अंगाशी चिकटलेले किंवा अजिबात नसलेले, गुडघे किंचित वाकलेले, पोटात खोबण. कोरीवकाम संपलं तरी ते अजून नुसतं लाकूडच.

पुढचं काम न्गांगाचं. तो वैद्यही आणि विधी जाणणाराही. खोबणीत तो 'बोंगा' भरतो: पांढरी माती, वनस्पती, प्राण्यांचे अवशेष, माणसाचे केस किंवा नखं. पांढऱ्या मातीचं नातं पूर्वजांच्या हाडांशी. मग राळ आणि कापडाने सारं बंद होतं. काही मूर्तींवर हा लेप इतका जाड की धड दिसतच नाही. आता ती 'बुत्ती'. आजारपण, शिकार, धन्याचं रक्षण, ज्या कामासाठी हवी त्यानुसार मिश्रण बदलतं. आपली प्राणप्रतिष्ठा आठवेल, पण इथे देव बोलावलेला नसतो. पूर्वजांचं बळ पदार्थांतून येतं, आणि बोंगा काढला की पुन्हा लाकूडच उरतं. म्हणूनच पोट रिकामं असलेली मूर्ती मोडलेली समजणं चूक. ती निकामी केलेलीही असू शकते.

पोट उघडण्याचा मोह आवरावा. सीटी स्कॅनमध्ये लाकूड, माती आणि धातू यांची घनता वेगवेगळी दिसते, त्यामुळे लेप न फोडता आतला ऐवज कळतो. पाण्याने पुसणं तर सर्वांत घातक. माती विरघळते आणि तेल-धुराची पुटं, म्हणजे वापराचा पुरावाच, निघून जातो.

मूर्तीला उभी चीर असेल तर लगेच घातपात शोधू नये. लाकूड सुकताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने, केंद्राकडून बाहेरच्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसतं. ओंडक्याचा गाभा आत राहिला असेल तर तो ताण चिरेवाटेच बाहेर पडतो. हवेतली आर्द्रता सतत वरखाली झाली की चीर वाढते आणि कडक झालेली राळ तडकून सुटते. बारीक गोल भोकांतून ताजा भुसा पडत असेल, तर मात्र आत लाकूडकिडा जिवंत आहे असं धरून ती मूर्ती लगेच वेगळी ठेवावी.